विडंबनकाराचा हात : वॉलेस वुडची चित्रे आणि चाकरी

विडंबनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक शब्दांच्या विडंबनाची असते. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' १९२५ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी विडंबनकाव्याला एक मापदंड मिळाला. त्या संग्रहाविषयी बोलताना एक गोष्ट वारंवार सांगितली जाते आणि ती खरीही आहे : मूळ कवीचे वृत्त, त्याची लकब, त्याचा शब्दांचा हव्यास ज्याला आतून ठाऊक असतो, त्यालाच त्याचे विडंबन साधते. नुसता राग किंवा नुसती टवाळी पुरत नाही. हाच नियम चित्राला लावून पाहिला तर एक वेगळीच अडचण पुढे येते. शब्दांचे विडंबन करणाऱ्याचे 'आतून ठाऊक असणे' त्याच्या कानात असते. चित्राचे विडंबन करणाऱ्याचे ते मनगटात असते. आणि ज्या व्यवसायात हे मनगट पानामागे ठरलेल्या दराने भाड्याने घेतले जाते, तिथे विडंबनाचा कर्ता नेमका कोण, हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. अमेरिकन चित्रकथाकार वॉलेस वुड याचे आयुष्य हा प्रश्न जितक्या उघडपणे मांडते तितका तो क्वचितच कुठे दिसतो.

मराठी वाचकाला हे जग सर्वस्वी परके नाही. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी वाचले आहेत. त्यांची थट्टा मात्र आपण फारशी वाचलेली नाही. ती 'मॅड'मध्ये झाली.

'मॅड' सुरू झाले १९५२ साली, ई.सी. कॉमिक्स या विल्यम गेन्सच्या प्रकाशनसंस्थेतर्फे. दहा सेंटांना मिळणारे, रंगीत, इतर चित्रकथांसारखेच दिसणारे हे अंक हार्वी कर्ट्झमन संपादित करीत असे आणि जवळजवळ सगळे लेखनही तोच करी. पहिल्या तीन अंकांनी फारशी हालचाल केली नाही. एप्रिल-मे १९५३ च्या चौथ्या अंकात 'सुपरड्यूपरमॅन' ही आठ पानी कथा आली आणि 'मॅड'ला स्वतःचा आवाज सापडला. लेखन कर्ट्झमनचे, चित्रे वुडची.

कथा अशी : एका वृत्तपत्राच्या कचेरीत क्लार्क बेंट नावाचा एक दीनवाणा माणूस काम करतो. मूळचा क्लार्क केंट निदान वार्ताहर तरी होता. हा बातम्यांचे कागद इकडून तिकडे नेणाऱ्या पोऱ्याचा मदतनीस आहे. लोइस पेन या सहकारी स्त्रीला भेट म्हणून मोत्यांची माळ घेण्यासाठी तो आयुष्यभराची पुंजी उधळतो आणि ती त्याला झिडकारते. शहरात एक अज्ञात राक्षस लुटालूट करीत असतो. तो निघतो कॅप्टन मार्बल्स, म्हणजे फॉसेट प्रकाशनाच्या कॅप्टन मार्व्हलचे विडंबन. सत्कृत्यांत पैसा नाही हे उमजल्यामुळे या वीराने परोपकार सोडून दिला आहे. त्याच्या जादूच्या मंत्रातील अक्षरांना मूळ कथेत देवदेवतांची आणि पुराणपुरुषांची नावे जोडलेली होती. इथे शेवटच्या अक्षराचा अर्थ सरळ 'पैसा' असा आहे. दोघांची प्रचंड मारामारी होते. सुपरड्यूपरमॅनला तो काही हरवता येत नाही, म्हणून तो युक्तीने त्याला स्वतःच्याच डोक्यावर ठोसा मारायला लावतो. मग विजयी वीर लोइस पेनसमोर आपले खरे रूप उघड करतो, आणि ती त्याला पुन्हा धुडकावते. ओंगळ माणूस उडू लागला तरी ओंगळच राहतो, असा तिचा निवाडा.

या कथेखाली एक खरा खटला दडलेला आहे. सुपरमॅनची मालक असलेल्या नॅशनल या कंपनीने कॅप्टन मार्व्हल ही आपल्या नायकाची नक्कल आहे असा दावा १९४१ साली लावला होता. कॅप्टन मार्व्हलचा खप काही काळ सुपरमॅनपेक्षाही अधिक होता, ही त्यामागची खरी पोटदुखी. १९५१ साली अपील न्यायालयात लर्नेड हँड या न्यायाधीशाने नॅशनलच्या बाजूने कौल दिला आणि १९५३ साली फॉसेटने चार लाख डॉलर देऊन, कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन थांबवण्याचे कबूल करून, तडजोड केली. म्हणजे 'मॅड'च्या पानांवर दोन लांब झग्यांचे वीर जेव्हा एकमेकांना बडवत होते, तेव्हा प्रत्यक्षात दोन कंपन्यांचे वकील ती मारामारी नुकतीच आटोपत होते. सामर्थ्य, न्याय, सत्य वगैरे शब्दांच्या आड जी गोष्ट होती ती मालकीची, आणि कर्ट्झमनने ती नेमकी उघड्यावर आणली. यावर नॅशनलने 'मॅड'लाही खटल्याची धमकी दिली. 'मॅड'ने विडंबने काही थांबवली नाहीत. पुढच्याच हिवाळ्यात आठव्या अंकात 'बॅटबॉय अँड रुबिन' आले. त्यात हे विडंबन आहे असे सांगणाऱ्या सूचना स्वतःच एक विनोद बनल्या आणि शेवटी बॅटबॉय हा खरोखरीच रक्त पिणारा वटवाघूळ निघतो. याचीही चित्रे वुडचीच.

आता या कथांतले वुडचे नेमके काय, हे विचारायला हवे. कर्ट्झमन आपल्या चित्रकारांना नुसती संहिता देत नसे. प्रत्येक पानाची मांडणी तो स्वतः रेखाटून देई. पात्र कुठे उभे, हात कुठे, फुगा कुठे, सगळे ठरलेले. त्यापासून ढळलेले त्याला खपत नसे. मग उरते काय? उरते ते सगळे, जे वाचक प्रत्यक्षात पाहतो. शरीराचे वजन, कापडाच्या घड्या, चेहऱ्यावर दोन बाजूंनी पडणारा उजेड, काळ्या शाईच्या दाट सावल्या, आणि मागच्या भिंतीवर, खिडकीत, फलकांवर भरलेले बारीकसारीक विनोद. या भरावाला 'मॅड'चा दुसरा मोठा चित्रकार विल एल्डर 'कोंबडीची चरबी' म्हणत असे : रश्श्यातला प्रकृतीला वाईट आणि जिभेला गोड असा भाग. वुड त्यात एल्डरइतका उच्छृंखल नव्हता, पण त्याच्याकडे एल्डरकडे नसलेली एक गोष्ट होती. तो सुपरमॅन खरोखर काढू शकत होता. सुपरड्यूपरमॅनच्या छातीवरचे चिन्ह चौकटीगणिक बदलते हा विनोद तेव्हाच चालतो, जेव्हा ती छाती खऱ्या सुपरहीरोची वाटते. चित्र जर आधीच थट्टेखोर, वेडेवाकडे असते, तर थट्टा करायला काही उरलेच नसते. माझ्या मते 'सुपरड्यूपरमॅन'चे यश कर्ट्झमनच्या कल्पकतेइतकेच या गांभीर्याचे आहे. साहित्याचे इतिहासकार मात्र ते बहुधा लेखकाच्या खात्यावर जमा करतात, कारण आपल्याला संहिता वाचण्याची सवय आहे, शाई वाचण्याची नाही.

हे गांभीर्य आले कुठून? वुडचा जन्म १७ जून १९२७ रोजी मिनेसोटा राज्यातील मेनाहगा या गावी झाला. वडील जंगलात लाकूडतोडीचे काम करीत, आई शिक्षिका होती. लहानपणी आपल्याला जादूची पेन्सिल सापडल्याचे स्वप्न पडले होते, असे तो पुढे सांगत असे. हॅल फॉस्टरचा 'प्रिन्स व्हॅलिअंट', अ‍ॅलेक्स रेमंडचा 'फ्लॅश गॉर्डन', मिल्टन कॅनिफची 'टेरी अँड द पायरेट्स' या वृत्तपत्री चित्रमालिका हीच त्याची शाळा. महायुद्धाच्या अखेरीस व्यापारी जहाजांवर आणि त्यानंतर सैन्याच्या छत्रीधारी तुकडीत नोकरी करून तो १९४८ साली न्यूयॉर्कला आला. औपचारिक कलाशिक्षण एखाद्या सत्रापुरते. पहिली कामे अक्षरलेखनाची आणि पार्श्वभूमी भरण्याची : कॅनिफने सोडलेली 'टेरी' जॉर्ज वुंडर काढू लागला होता, त्याच्याकडे मदतनीस, विल आयस्नरच्या 'द स्पिरिट'मध्ये मागची दृश्ये. पुढे विज्ञानकथालेखक म्हणून नाव मिळवणारा हॅरी हॅरिसन हा त्या काळात त्याचा चित्रकलेतला भागीदार होता.

ई.सी.साठी १९५० पासून त्याने 'वीअर्ड सायन्स' आणि 'वीअर्ड फँटसी'मध्ये ज्या अवकाशकथा काढल्या त्यांतील यंत्रांनी गच्च भरलेल्या यानांच्या अंतर्भागांनी त्या प्रकाराचे दृश्यरूपच ठरवून टाकले. त्याच्या या हातोटीवर अल फेल्डस्टाइनने १९५३ साली 'माय वर्ल्ड' नावाची कथाच लिहिली. तिच्या अखेरीस वुडने स्वतःलाच मेजाशी बसलेले काढले आहे. सिगारेट आणि थकवा, दोन्ही त्या चित्रात आहेत. वय सव्वीस.

आणि आता 'मॅड'मधील त्याच्या कथांची नावे पाहू. सहाव्या अंकात 'टेडी अँड द पायरेट्स'. अकराव्यात 'फ्लेश गार्डन'. तेराव्यात 'प्रिन्स व्हायलंट'. कॅनिफ, रेमंड, फॉस्टर. ज्यांच्या रेषा गिरवत तो मोठा झाला त्या तिघांचेही त्याने वर्ष-दीड वर्षात विडंबन केले, आणि प्रत्येक वेळी त्या-त्या गुरूचा ब्रश उचलून केले. त्यात 'टेरी'च्या चौकटींची तर त्याने काही काळ मजुरीही केली होती. 'प्रिन्स व्हायलंट'मध्ये फॉस्टरचा भव्य मध्ययुगीन किल्ला फॉस्टरच्या इतमामाने उभा राहतो आणि मगच त्याच्या अब्रूचे धिंडवडे निघतात. अत्र्यांच्या बाबतीत आपण ज्याला वृत्तावरची हुकमत म्हणतो ती इथे अशी दिसते. ही गुरुदक्षिणाच होती. फक्त ती देताना शिष्य हसत होता.

हा काळ अगदी थोडका ठरला. एप्रिल १९५४ मध्ये चित्रकथांचा मुलांवर होणारा परिणाम या विषयावर अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, गेन्सची साक्ष त्याला चांगलीच भोवली आणि त्याच वर्षी आलेल्या कॉमिक्स कोडने ई.सी.ची भयकथांची मासिके संपवली. १९५५ साली चोविसाव्या अंकापासून 'मॅड' काळ्यापांढऱ्या मासिकाच्या रूपात आले. पुढच्या वर्षी मालकीच्या हिश्शावरून गेन्सशी बिनसून कर्ट्झमन बाहेर पडला. पुन्हा मालकीच. वुड राहिला, तो १९६४ पर्यंत 'मॅड'साठी काढत होता. शिवाय विज्ञानकथा मासिकांची रेखाटने, जाहिराती, जॅक कर्बीने काढलेल्या 'स्काय मास्टर्स' या वृत्तपत्री मालिकेवर शाईचे काम, आणि 'मार्स अ‍ॅटॅक्स' या १९६२ सालच्या चित्रपत्त्यांचे प्राथमिक आराखडे. वाचकाने ही यादी कर्तृत्वाची म्हणून वाचू नये. ती घरभाड्याची यादी आहे. पानामागे पैसे मिळत, ते एकदाच मिळत. पान पुन्हा छापले तरी चित्रकाराला त्यातले काही मिळावे असा प्रघात नव्हता, आणि मूळ चित्रही बहुधा प्रकाशकाकडेच राही. अशा व्यवहारात जो चित्रकार एका चौकटीत चाळीस यंत्रे काढतो तो स्वतःचेच नुकसान करीत असतो. वुडला हे कळत होते. वुडच्या नावाने चित्रकारांत आजही सांगितला जाणारा एक मंत्र असा : जे नकलून घेता येईल ते नव्याने काढू नये, जे गिरवता येईल ते नकलू नये, आणि जे कापून चिकटवता येईल ते गिरवूही नये. हा विनोद आहे हे खरे. पण सलग दिवसरात्र काम, सततची डोकेदुखी आणि दारू यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचा तो विनोद आहे.

१९६४ साली तो मार्व्हलकडे गेला आणि 'डेअरडेव्हिल'च्या पाचव्या अंकापासून चित्रे काढू लागला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याच्या नावाची जाहिरात करण्यात आली. त्या काळात ही गोष्ट दुर्मीळ होती. सातव्या अंकात, १९६५ साली, त्याने नायकाचा पिवळा-लाल वेष काढून टाकला आणि त्याला नखशिखान्त लाल केले. तो वेष आजही चित्रपटांत आणि मालिकांत ओळखला जातो. त्याच अंकात हा आंधळा वकील समुद्राच्या महाबलाढ्य राजाशी लढतो, हरतो, आणि हरल्यावरही सरपटत पुढे येत राहतो. वुडने गंभीरपणे काढलेल्या सुपरहीरोकथांतली मला ही सर्वांत उत्तम वाटते. परंतु मार्व्हलची कार्यपद्धती अशी होती की लेखक-संपादक स्टॅन ली कथेचे ढोबळ सूत्र सांगे, चित्रकार ती वीस पानांत रचून काढी आणि नंतर ली संवाद भरी. कथा रचण्याचे काम चित्रकाराचे, मोबदला फक्त रेखाटनाचा. वुडने याला हरकत घेतली. दहाव्या अंकाचे लेखन त्याच्या नावावर आहे. अकराव्यानंतर तो बाहेर होता. 'मॅड'मध्ये कर्ट्झमन सगळे ठरवून देत होता तेव्हा वुडची जी तक्रार ऐकू येत नाही, ती इथे, मोकळीक मिळाल्यावर, ऐकू येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मोकळीक म्हणजे बिनपगारी लेखन असे तिचे रूप होते.

मग टॉवर कॉमिक्स. तिथे त्याला १९६५ साली स्वतःची सुपरहीरोमंडळी उभारता आली : 'थंडर एजंट्स'. यातला मुख्य नायक डायनॅमो म्हणजे मेजावर बसणारा एक साधा सरकारी कर्मचारी. त्याच्या हाती एक पट्टा येतो, तो बांधला की अचाट बळ येते. मात्र थोडाच वेळ, कारण तो पट्टा शरीरालाच झिजवतो. दुसरा, नोमॅन, हा मृत्यूच्या दाराशी आलेला म्हातारा शास्त्रज्ञ; तो आपले मन यंत्रदेहांत हलवतो आणि एक देह मोडला की दुसऱ्यात शिरतो. प्रतीके शोधण्याचा मोह अशा जागी आवरावा हे बरे. तरी शरीर हे भाड्याचे आणि खर्च होणारे साधन आहे ही जाणीव त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या सुपरहीरोकथेत इतकी सहज आलेली मला आढळत नाही. पंचवीस सेंटांचे हे जाडजूड अंक १९६९ पर्यंत रडतखडत निघाले. पात्रे मात्र प्रकाशकाचीच राहिली.

मालकीचा प्रश्न वुडने एकदा थेट सोडवून पाहिला. १९६६ साली त्याने 'विट्झेंड' नावाचे मासिक स्वतः काढले. त्यात व्यावसायिक चित्रकारांनी कोणतेही बंधन न मानता लिहावे-काढावे आणि हक्क स्वतःकडे ठेवावेत अशी योजना होती. भूमिगत चित्रकथांची लाट यायची होती त्याच्या आधीची ही गोष्ट आहे. चार अंकांनंतर त्याने ते एका डॉलरला एका मित्राच्या स्वाधीन केले. पुढे परदेशी तळांवरील अमेरिकन सैनिकांच्या वृत्तपत्रासाठी त्याने 'सॅली फोर्थ' आणि 'कॅनन' या चित्रमालिका काढल्या. यांचे हक्क त्याचे होते आणि यांचे संग्रह त्याने स्वतःच छापले. त्यांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. रेखाटन अप्रतिम, स्त्रीदेह पानोपानी उघडा आणि कथा जवळजवळ नाही. हक्क मिळाला तेव्हा त्या हक्काने सांगावे असे काही हाताशी नव्हते, किंवा जे होते ते विकत घेणारा गिऱ्हाईक नव्हता.

सत्तरच्या दशकात एक गंमत घडली. ज्या नॅशनलने 'सुपरड्यूपरमॅन'वरून धमकी दिली होती त्याच कंपनीसाठी, १९७६ पासून निघालेल्या 'ऑल-स्टार कॉमिक्स'मध्ये, वुडने खऱ्याखुऱ्या सुपरहीरोंवर शाई भरली. सुपरमॅनची चुलत बहीण पॉवर गर्ल याच पानांवर प्रथम अवतरली. कॅप्टन मार्व्हलही तोवर त्याच कंपनीच्या छत्राखाली येऊन गेला होता. मारामारी करणारे दोघे एकाच मालकाच्या घरी नांदू लागले आणि त्यांची थट्टा करणारा हात त्याच घरी रोजंदारीवर आला.

१९७८ साली वुडला पक्षाघाताचा झटका आला आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. १९८० च्या सुमारास त्याने पोटासाठी अश्लील चित्रकथा काढल्या, आणि त्यांचे विषय पाहिले की क्षणभर थांबावे लागते : फ्लॅश गॉर्डन, प्रिन्स व्हॅलिअंट, टेरी, सुपरमॅन. सत्तावीस वर्षांपूर्वीचीच यादी. कर्ट्झमन नव्हता, शाईत तो उजेड नव्हता. गुरू मात्र तेच होते. विडंबन आणि विटंबना या दोन शब्दांतले अंतर आपल्या भाषेत फार थोडे आहे. ते इथे एकाच हाताने ओलांडले. २ नोव्हेंबर १९८१ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. तो चोपन्न वर्षांचा होता.

त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच इंग्लंडमध्ये अ‍ॅलन मूरची 'मार्व्हलमॅन' ही मालिका सुरू झाली. मार्व्हलमॅन हे पात्र मुळात त्या खटल्याचेच अपत्य : कॅप्टन मार्व्हलचा पुरवठा थांबल्यावर १९५४ साली ब्रिटिश प्रकाशकाने त्याच्या जागी उभा केलेला बदली वीर. सुपरहीरोला खऱ्या जगात आणून तर्काच्या टोकापर्यंत नेण्याची कल्पना आपल्याला बालपणी वाचलेल्या 'सुपरड्यूपरमॅन'वरून सुचली, हे मूरने अनेकदा सांगितले आहे. तिथली अतिशयोक्ती हास्याकडे वळली होती, ती शोकाकडे वळवली की झाले. पुढे १९८६-८७ मध्ये आलेले 'वॉचमेन' आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहे. त्याच्या वंशावळीत कर्ट्झमनचे नाव हमखास येते, वुडचे कधी येते, कधी नाही.

चित्रकारांच्या टेबलांवर मात्र वुडचा एक कागद अजून असतो. आपल्या मदतनिसांना उपयोगी पडावीत म्हणून त्याने काही चौकटी रेखाटून ठेवल्या होत्या : लेखकाने पात्रांना पानेच्या पाने नुसते बोलत बसवले तर चित्रात वैविध्य कसे आणावे, याचे नमुने. त्याच्याकडे काम केलेल्या लॅरी हामाने १९८० च्या सुमारास त्यांच्या छायाप्रती एका कागदावर चिकटवून सहकाऱ्यांना वाटल्या. 'हमखास चालणाऱ्या बावीस चौकटी' या आशयाच्या नावाने तो कागद प्रतीवर प्रती निघत जगभर पोहोचला. एका चौकटीत फक्त मोठा चेहरा. एकीत संपूर्ण काळी आकृती, उजळ पार्श्वभूमीवर. एकीत पाठमोरे डोके. एकीत चौकटीची रेषाच नाही. या बावीसांपैकी एकाही चौकटीत सुपरहीरो असण्याची गरज नाही. माणसे बोलत आहेत, आणि कुणीतरी त्यांच्यावर उजेड कुठून पडतो हे ठरवत आहे.